डीई-१७२ : स्वतःच्या सहीने स्वतःचे येणे मागताना

कॅलिफोर्नियाच्या ज्युडिशियल कौन्सिलने धनकोंच्या दाव्यासाठी तयार केलेला डीई-१७२ हा फॉर्म मी गेल्या दीड वर्षात इतक्या वेळा वाचला आहे की त्याचा आढावा लिहिण्याचा हक्क मला मिळाला आहे, असे मी समजते. पाठपोट मावणारा हा कागद कोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मृत व्यक्तीकडून ज्याचे काही येणे असेल त्याने तो भरून प्रोबेट कोर्टाच्या, म्हणजे मृतांच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या कोर्टाच्या, कारकुनाकडे दाखल करायचा असतो. बँका, रुग्णालये आणि क्रेडिट कार्डाच्या कंपन्या तो रोज भरत असतील, आणि त्यांच्यासाठी हा आढावा नाही. ज्याला मृत्युपत्राने एक्झिक्युटर (मृताची देणी फेडून मालमत्ता वाटणारा) नेमले आहे आणि ज्याने त्याच माणसासाठी हयातीत स्वतःच्या खिशातून पैसे घातले आहेत, अशा अवघड जागी बसलेल्या वाचकासाठी मी हे लिहिते आहे.

माझे मावसभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू, अविवाहित होते आणि शेवटची काही वर्षे आजारी होते. त्यांच्या घराचे छप्पर गळू लागले तेव्हा ठेकेदाराला ६,४०० डॉलरचा चेक मी दिला, कारण त्यांचे पैसे मुदत ठेवीत अडकलेले होते. पुढे घरी येणाऱ्या मदतनीस बाईंचा अकरा आठवड्यांचा पगार, रुग्णशय्येचे भाडे आणि शेवटी अंत्यविधीचा खर्च हेही मीच केले. मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून माझे नाव निघाले, आणि लाभार्थी म्हणून त्यांच्या दोन पुतण्यांचे. म्हणजे पैसे माझे येणे होते, द्यायचे होते दादांच्या इस्टेटीने (मागे राहिलेल्या मालमत्तेने), इस्टेटीच्या खात्यावर सही माझी होती, आणि जितके मी घेईन तितके त्या दोघांच्या वाट्यातून कमी होणार होते.

सुरुवातीला मी कागदपत्रे तयार करून देणाऱ्या एका सेवेकडे गेले होते. तिचे नाव इथे देण्याचे कारण नाही. तिथल्या गृहस्थांनी मला अगदी निःशंकपणे सांगितले, "तुम्हाला स्वतंत्र कारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले आहेत, तेव्हा स्वतःच्या नावाने चेक फाडा आणि शेवटच्या हिशेबात दाखवा." हा सल्ला चुकीचा होता. कॅलिफोर्नियाच्या प्रोबेट कोडचे कलम १०५०१ असे सांगते की एक्झिक्युटरला कोर्टाच्या देखरेखीविना कारभार करण्याचे कितीही व्यापक अधिकार दिलेले असले, तरी त्याचे स्वतःचे किंवा त्याच्या वकिलाचे इस्टेटीवरील येणे मान्य करणे, चुकते करणे किंवा त्यावर तडजोड करणे हे कोर्टाच्या परवानगीवाचून होऊ शकत नाही. मी तो चेक फाडला असता, तर छपराचे पैसे खरोखर माझे असूनही हिशेबाच्या वेळी उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली असती.

आता फॉर्मविषयी. पुढच्या पानावर चौकटीत मुदत आणि इशारा छापलेला आहे. दाव्याची एकूण रक्कम, दावेदाराचे नाव-पत्ता आणि तो स्वतः धनको आहे की धनकोच्या वतीने बोलतो आहे हे विचारून झाले की पाचव्या क्रमांकावर दोन लहान चौकोन येतात : दावेदार हा इस्टेटीचा प्रतिनिधी (म्हणजे एक्झिक्युटर) आहे, किंवा दावेदार हा प्रतिनिधीचा वकील आहे. या फॉर्ममध्ये आमच्यासारख्यांसाठी जे काही आहे ते सगळे या एका ओळीत आहे. एरवी आलेला दावा मान्य करायचा की फेटाळायचा हे प्रथम एक्झिक्युटर ठरवतो. पण हा चौकोन भरला की कलम ९२५२ लागू होते, आणि कारकून तो कागद थेट न्यायाधीशांपुढे ठेवतो. वादीनेच निवाडा द्यायचा ही अडचण कायद्याने एका चौकोनात सोडवली आहे, आणि मला ती सोडवणूक मनापासून आवडली. पुतण्यांपैकी धाकटीचा मला थोडा तिरकस फोन आला होता. "आत्या, मग तुम्हीच मागणार आणि तुम्हीच मंजूर करणार का?" असे तिने विचारले. तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवून "नाही, हे न्यायाधीश ठरवतील" असे सांगता येणे ही माझ्या दृष्टीने या कागदाची सर्वांत मोठी सोय होती.

सहीच्या वरचे निवेदनही लक्षपूर्वक वाचावे. दावा रास्त आहे आणि त्यापोटी जे पैसे आधीच मिळाले असतील ते सगळे वजा केलेले आहेत, अशा अर्थाचे ते निवेदन असून खाली खोट्या शपथेच्या शिक्षेची जाणीव ठेवून सही करायची असते. मला ते वाचल्यावर आठवले की दादांनी छपराच्या वेळी ९०० डॉलर माझ्या खात्यावर परत पाठवले होते. मी ते विसरून गेले होते. फॉर्म भरताना बँकेची जुनी विवरणे काढली आणि ते वजा केले.

मागच्या पानावर तीन स्तंभांचा तक्ता आहे : तारीख, बाब व तिला आधार देणारी माहिती, आणि रक्कम. सूचना अशी आहे की प्रत्येक सेवा कधी दिली किंवा देणे कधी निर्माण झाले ती तारीख द्यावी, बाबीचे वर्णन तपशिलाने करावे आणि दर बाबीसमोर वेगळी रक्कम लिहावी. "दादांसाठी केलेला खर्च, सुमारे १५,०००" असे घरगुती पद्धतीने लिहून चालत नाही. मधला स्तंभ इतका अरुंद आहे की छपराची हकिगतही त्यात मावेना, म्हणून मी "सोबतचा कागद पाहा" असे लिहून चार पाने जोडली. तेच योग्यही ठरले, कारण पुरावा शेवटी त्या चार पानांतच होता.

मृत्यूनंतर निर्माण झालेली देणी या दाव्यात घालू नयेत, अंत्यविधीचा खर्च मात्र घालता येतो, असे फॉर्मवरच्या पहिल्याच सूचनेत सांगितलेले असते. मी ती सूचना वाचली होती, पण समजून घेतली नव्हती. माझ्या पहिल्या मसुद्यात घराचा विमा, पाण्याचे बिल आणि कुलपे बदलल्याचा खर्च मिळून १,१२० डॉलर घुसले होते, आणि हे सगळे दादा गेल्यानंतरचे होते. ही चूक सर्वस्वी माझी. नंतर मी ज्या वकीलबाईंकडून केवळ दोन तासांचा सल्ला घेतला त्यांनी पेन्सिलीने त्या तीन ओळी खोडल्या आणि मला समजावले की एक्झिक्युटरला इस्टेटीतून पैसे मिळण्याचे चार वेगवेगळे रस्ते असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ सुरू होतो. हयातीतले येणे आणि अंत्यविधीचा खर्च या फॉर्मवर मागायचे. मृत्यूनंतर इस्टेट सांभाळताना केलेला खर्च हा कारभाराचा खर्च असून तो हिशेबात दाखवून कोर्टाकडून मान्य करून घ्यायचा. एक्झिक्युटर म्हणून केलेल्या कामाचा मेहनताना तिसरा. तो कलम १०८०० च्या कोष्टकाने ठरतो, म्हणजे इस्टेटीच्या पहिल्या १,००,००० डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १,००,००० वर ३ टक्के, त्यापुढच्या ८,००,००० वर २ टक्के असा उतरत जातो, आणि तोही कोर्टाच्या आदेशाविना उचलायचा नसतो. मृत्युपत्रात स्वतःच्या नावे काही ठेवलेले असेल तर तो चौथा रस्ता. माझ्या बाबतीत तो नव्हता.

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. मी रात्री दादांकडे राहून त्यांची शुश्रूषा केली होती आणि त्याचेही काही मोल लावावे असा सल्ला मला घरच्याच कोणीतरी दिला होता. एका घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनी एकमेकांसाठी केलेली सेवा ही सामान्यतः विनामूल्य केली असेच कायदा गृहीत धरतो आणि मोबदला ठरला होता हे दाखवण्याचे ओझे मागणाऱ्यावर पडते, असे त्यांनी सांगितले. मी काही त्यांच्या घरात राहत नव्हते, त्यामुळे वाद घालता आला असता. पण दादांशी माझे असे काही ठरले नव्हते आणि ठरले होते असे शपथेवर लिहिणे मला जमणारे नव्हते. ती बाब मी काढून टाकली.

पुराव्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण एक्झिक्युटरच्या दाव्यात दुसरी बाजू सांगणारा माणूसच गेलेला असतो. अनेक अमेरिकी राज्यांत अशा वेळी मृत व्यक्तीशी झालेल्या व्यवहाराविषयी दावेदाराला स्वतःच्या हितासाठी साक्ष देण्यास मज्जाव करणारे कायदे आहेत. न्यूयॉर्कमध्ये तो आजही आहे. कॅलिफोर्नियाने असा मज्जाव १९६७ पासून अमलात आलेल्या एव्हिडन्स कोडबरोबर सोडून दिला आणि त्याऐवजी मृत व्यक्तीची विधाने अशा दाव्याविरुद्ध पुराव्यात येऊ देण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे मला बोलता येणार होते, पण दादांनी कधी कोणाला "छपराचे पैसे तिने मला भेट म्हणून दिले" असे म्हटले असते तर तेही कोर्टापुढे आले असते. माझ्याकडे ठेकेदाराचे बिल आणि माझा वटलेला चेक होता. मात्र पैसे उसने दिले होते, भेट नव्हती, हे दाखवणारा एकच कागद होता : विजेच्या बिलाच्या पाकिटाच्या मागे दादांच्या अक्षरात लिहिलेले "छपराचे तुझे ६,४००. घर विकले की आधी हे." खाली तारीख.

हे मराठी पाकीट इंग्रजी कोर्टात चालवायचे तर शपथेवर प्रमाणित केलेले भाषांतर लागते. भाषांतरकार "तुझे" या शब्दापाशी अडले. तू दिलेले, तुझ्या मालकीचे की तुला द्यायचे, यांपैकी काय ते इंग्रजीत एकच निवडावे लागते, आणि मराठी वाचणाऱ्या कोणालाही क्षणभरही शंका येऊ नये अशा त्या ओळीवर आम्ही अर्धा तास घालवला. शेवटी त्यांनी शब्दशः भाषांतर करून खाली टीप दिली की "घर विकले की आधी हे" या पुढच्या वाक्यामुळे ते देणे म्हणून लिहिलेले दिसते. त्या टिपेचे मोल मला सुनावणीच्या वेळी कळले. कलम ९२५२ प्रमाणे कोर्टाला वाटल्यास ते रीतसर अर्ज करायला आणि संबंधितांना सुनावणीची सूचना द्यायला सांगू शकते. माझ्या प्रकरणात तसे सांगण्यात आले, आणि न्यायाधीशांनी विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी दोन त्या पाकिटावरच होते.

फॉर्मच्या तळाशी दाव्याची प्रत पोहोचवल्याचा दाखला भरायचा असतो, आणि तिथे मला हसू आवरले नाही. मूळ दावा कारकुनाकडे आणि प्रत इस्टेटीच्या प्रतिनिधीकडे, टपालाने किंवा हातोहात. धनको मी आणि प्रतिनिधीही मीच. मी माझ्याच पत्त्यावर, माझ्याच नावे टपाल केले आणि तीन दिवसांनी ते पाकीट स्वतःच घेतले. पुतण्यांनाही प्रत पाठवा असे हा फॉर्म सांगत नाही, पण मी ती पाठवली आणि प्रत्येकाने पाठवावी असे माझे मत आहे. धाकटीचा सूर त्यानंतर बराच मवाळ झाला.

मुदतीच्या बाबतीत हा कागद एक्झिक्युटरला कोणतीही सवलत देत नाही. कलम ९१०० प्रमाणे कोर्टाकडून एक्झिक्युटरच्या नेमणुकीचे अधिकारपत्र प्रथम मिळाल्यापासून चार महिने, किंवा धनकोला कारभाराची सूचना दिल्यापासून साठ दिवस, यांपैकी जे नंतर येईल ते. एक्झिक्युटरला आणि त्याच्या वकिलालाही हीच मुदत लागू आहे, असे सूचनांच्या अखेरीस वेगळे नमूद केलेले आहे. ही ओळ पाचव्या क्रमांकाच्या शेजारीच छापलेली असती तर मला अधिक बरे वाटले असते, कारण चौकोन भरणारा माणूस खालची शेवटची सूचना वाचेलच असे नाही. उशिरा आलेल्या दाव्याला परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती प्रामुख्याने ज्याला वेळेत सूचना मिळाली नाही किंवा आपले येणे आहे हेच ठाऊक नव्हते त्याच्यासाठी आहे. ज्याच्या हातात अधिकारपत्र आहे तो असे कोणत्या तोंडाने सांगणार? याशिवाय मृत्यूपासून एक वर्षाची आणखी एक मर्यादा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६६.२ मध्ये बसलेली आहे, आणि चार महिन्यांच्या मुदतीने ती लांबत नाही. मृत्युपत्र सापडायला आणि प्रोबेट सुरू व्हायलाच दहा-अकरा महिने गेले, तर एक्झिक्युटरने अधिकारपत्र हातात पडल्याबरोबर आधी स्वतःचा दावा दाखल करावा, बाकीची पत्रे नंतर लिहावीत.

इतर ठिकाणी हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने हाताळली जाते आणि तुलना उद्बोधक आहे. ओहायोमध्ये एक्झिक्युटरने नेमणुकीपासून तीन महिन्यांत स्वतःचे येणे प्रोबेट कोर्टापुढे ठेवायचे असते. टेक्सासमध्ये सहा महिन्यांत शपथपत्रासह दाखल केले नाही तर ते बुडते. इंग्लंडमध्ये पूर्वी उलटच होते. एक्झिक्युटर स्वतःवर दावा लावू शकत नाही, म्हणून समान दर्जाच्या इतर धनकोंच्या आधी स्वतःचे येणे इस्टेटीतून रोखून ठेवण्याचा हक्क त्याला होता. १९७१ च्या कायद्याने, १ जानेवारी १९७२ पासून, तो हक्क संपला. भारतातल्या १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याचे कलम ३२३ एक्झिक्युटरला ठाऊक असलेली सर्व देणी, "त्याच्या स्वतःच्या देण्यासह", मालमत्ता पुरेल तितकी सारख्या प्रमाणात फेडायला सांगते. म्हणजे तिथेही पहिला घास त्याचा नाही. या सगळ्यांत कॅलिफोर्नियाची पद्धत मला सर्वांत उघड वाटते, कारण दावा एका सार्वजनिक कागदावर, रकमेनिशी आणि तारखेनिशी, इतर धनकोंच्या दाव्यांच्या चळतीतच पडतो.

माझ्या दाव्याचा निकाल डीई-१७४ या जोडीच्या फॉर्मवर आला. त्यात एरवी एक्झिक्युटरने भरायच्या मंजूर आणि नामंजूर रकमांखेरीज कोर्टाच्या कारवाईसाठी वेगळी जागा आहे. मी मागितले होते १४,०५० डॉलर : छपराचे ९०० वजा जाता ५,५००, मदतनीस बाईंच्या पगाराचे ४,६२०, रुग्णशय्या आणि औषधांचे ७८० आणि अंत्यविधीचे ३,१५०. मंजूर झाले १३,२१०. पगाराचे दोन आठवडे मी रोख दिले होते आणि पावती घेतली नव्हती, तेवढे ८४० डॉलर नामंजूर झाले. कोर्टाने दावा फेटाळला तर एक्झिक्युटर इस्टेटीवर फिर्याद करू शकतो. मात्र तेव्हा इस्टेटीच्या बचावासाठी कोर्ट वकील नेमते, त्याचा खर्च इस्टेटीवर पडतो, आणि एक्झिक्युटर हरला तर त्या वकिलाच्या वाजवी फीसकट सगळा खर्च त्याला सोसावा लागतो. ८४० डॉलरसाठी हा जुगार खेळण्याचे मला कारण दिसले नाही. मात्र मोठ्या रकमेच्या माणसाने ही तरतूद डीई-१७२ वर शोधू नये. ती तिथे नाही, संहितेतच वाचावी लागते, आणि या उणिवेला मी या फॉर्मच्या मर्यादांमध्ये सर्वांत वरचा क्रमांक देईन.

दुसरी मर्यादा क्रमवारीची. दावा मंजूर होणे म्हणजे पैसे हातात येणे नव्हे. कलम ११४२० मध्ये देण्यांची उतरंड आहे : कारभाराचा खर्च, तारण असलेली देणी, अंत्यविधी, शेवटच्या आजाराचा खर्च, कुटुंबाचा निर्वाहभत्ता, मजुरीचे दावे आणि सर्वांत शेवटी सामान्य देणी. वरचा वर्ग पूर्ण फिटल्याखेरीज खालच्याला हात लावायचा नाही, आणि एखाद्या वर्गाला पैसे अपुरे पडले तर त्या वर्गातल्या सर्वांनी प्रमाणात घ्यायचे. माझा एकच दावा अशा रीतीने तीन वर्गांत विभागला गेला : अंत्यविधीचे ३,१५० वर, आजारपणाचे ४,५६० त्याखाली आणि छपराचे ५,५०० तळाशी, क्रेडिट कार्डाच्या कंपनीच्या शेजारी. फॉर्म भरतानाच बाबी या वर्गांप्रमाणे लावल्या असत्या तर नंतर मला तक्ता पुन्हा मांडावा लागला नसता. तक्त्यात वर्गाचा चौथा स्तंभ नाही, तो पेन्सिलीने आपणच आखून घ्यावा.

पाचपैकी चार तारे देते. घर विकले गेल्यानंतर इस्टेटीत सगळ्यांना पुरेल इतका पैसा जमा झाला, इतर धनकोंचे चेक गेले, आणि त्यानंतर मी इस्टेटीच्या खात्यावरून १३,२१० डॉलरचा चेक लिहिला. घेणाऱ्याच्या ओळीवर माझे नाव होते आणि खाली सहीही माझीच. चेकच्या प्रतीला डीई-१७४ ची कोर्टाच्या सहीची प्रत टाचणीने लावून मी ती हिशेबाच्या फाइलीत ठेवली, आणि तिच्यामागे विजेच्या बिलाचे ते पाकीट.